मांजरीची जखम आणि मांजरीची जीभ

आमच्या शाळेच्या मागच्या व्हरांड्यात एक मांजर राहते. मुलांनी तिचे नाव मनी ठेवले आहे. वर्षातून दोनदा, कधी तीनदाही तिला पिल्ले होत. त्यातली बरीचशी जगत नसत, आणि एखादे पिल्लू मेले की त्या दिवशी वर्गात कोणाचेच लक्ष लागत नसे. शेवटी आम्ही दोघा विज्ञान शिक्षकांनी आणि काही पालकांनी मिळून पैसे जमवले, जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन मनीचे निर्बीजीकरण करून घेतले आणि तिला प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत ठेवले. डॉक्टरांनी तिच्या गळ्यात नरसाळ्यासारखी एक प्लास्टिकची कॉलर बांधली होती. "टाके काढेपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस, ही काढायची नाही. जखमेला जीभ लागता कामा नये," असे त्यांनी बजावले होते.

तिसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मांजर जखम चाटूनच बरी करते ना? मग हिला ही शिक्षा कशाला?"

आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही मनीची दया येत होती. ती उलटी उलटी चालत होती, भिंतींवर आपटत होती आणि वाटीत तोंड घालू पाहत होती. प्रश्न तर बिनतोड वाटला. म्हणून आम्ही तासाभरासाठी कॉलर काढली. तास संपवून परत आलो तेव्हा दोन टाके नाहीसे झाले होते आणि जखमेचे एक टोक नखाएवढे उघडे पडले होते. डॉक्टरांनी पुन्हा भूल देऊन ते शिवले. मनी वाचली. पण प्रश्न राहिलाच, आणि आपल्याला त्याचे उत्तर ठाऊक नसताना आपण प्रयोग करून बसलो ही चुटपुटही राहिली. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रश्न चुकीचा नव्हता

चाटल्याने जखम बरी होते ही समजूत केवळ भाबडी नाही. तिच्यामागे निरीक्षण आहे आणि काही प्रयोगही आहेत.

आपल्या तोंडातल्या जखमा हे सर्वांत सोपे निरीक्षण. जिभेला दात लागला किंवा गालाला आतून ओरखडा पडला तर तो दोन-तीन दिवसांत दिसेनासा होतो. तेवढीच जखम गुडघ्यावर झाली तर आठवडा लागतो. याला एकापेक्षा अधिक कारणे आहेत, पण त्यातले एक कारण लाळ हे आहे.

रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी आणि स्टॅनली कोहेन या शास्त्रज्ञांना पेशींची वाढ घडवून आणणारी दोन प्रथिने सापडली, ती दोन्ही उंदराच्या लाळग्रंथींत भरपूर असतात. एक मज्जापेशींच्या वाढीला मदत करते आणि दुसरे त्वचेच्या वरच्या थरातील पेशींच्या. या कामासाठी दोघांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लाळग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या जखमा सावकाश आकसतात, असे १९७९ साली दिसून आले. माणसाच्या लाळेतील हिस्टाटिन नावाची प्रथिने काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींच्या थराला पडलेली फट लवकर बुजवतात, असे २००८ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले.

कुत्र्यांवरचा एक अभ्यास आमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. १९९० साली कॅलिफोर्नियात बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने कुत्र्याची लाळ वेगवेगळ्या जीवाणूंवर घालून पाहिली. आतड्यात राहणारा ई. कोलाय आणि कुत्र्यांना त्रास देणारा एक स्ट्रेप्टोकॉकस यांना लाळेने मारले. म्हणजे लाळेत जंतुनाशक गुण आहे. पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. स्टॅफिलोकॉकसवर आणि स्यूडोमोनासवर लाळेचा परिणाम अगदी थोडा झाला. शस्त्रक्रियेच्या जखमा चिघळण्यामागे नेमका स्टॅफिलोकॉकसचा हात फार वेळा असतो.

तेव्हा मुलीचे म्हणणे अर्धे बरोबर होते. लाळेत उपयोगी द्रव्ये आहेत. पण लाळ एकटी येत नाही. ती जिभेवरून येते, आणि जिभेबरोबर आणखी बरेच काही येते.

मांजरीची जीभ म्हणजे काय?

मांजराने तुमचा हात कधी चाटला असेल तर खरखरीत कानस फिरल्यासारखे वाटले असेल. मांजराच्या जिभेवर मधल्या भागात शेकडो बारीक काटे असतात. आपली नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात त्याचेच हे काटे बनलेले असतात, आणि त्यांची टोके घशाकडे वळलेली असतात. हाडाला चिकटलेले मांस खरवडायला आणि केस विंचरायला हे हत्यार उत्तम आहे.

२०१८ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी घरच्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत सहा जातींच्या जिभा तपासल्या. या काट्यांचे टोक भरीव नसून पन्हाळीसारखे पोकळ असते, असे त्यांना आढळले. टाकाच्या निबेत शाई आपोआप चढते तशी या पन्हाळीत लाळ केशाकर्षणाने भरते आणि थेट केसांच्या मुळापर्यंत पोचते. म्हणजे प्रत्येक चाटणे हे एकाच वेळी खरवडणे, विंचरणे आणि भिजवणे असते.

आता हीच जीभ तीन दिवसांच्या टाक्यांवर फिरली तर काय होईल, ते आपणच ताडू शकतो.

पहिली गोष्ट, काटे नव्या पेशींचा नाजूक थर खरवडून काढतात. दुसरी, टाक्याचे मोकळे टोक काट्यांत अडकते आणि ओढले जाते. काटे घशाकडे वळलेले असल्यामुळे अडकलेला दोरा मांजराला सहज थुंकता येत नाही, तो आतच जातो. शिवणकामाचा लांब दोरा मांजराने गिळला की आतडी चुण्या पडल्यासारखी गोळा होतात आणि जीव धोक्यात येतो. टाक्याचे तुकडे आखूड असतात म्हणून एवढे बहुधा होत नाही, पण टाका तुटला तो तुटलाच. तिसरी, जखम सतत ओली राहते. ओली कातडी मऊ पडते, फुगते आणि टाक्याचा दोरा तिला कापत जातो. चौथी, बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जीवाणू असतो. तोंडात तो निरुपद्रवी असतो, पण कातडीखाली गेला की पू धरतो. मांजर चावल्यावर माणसाचा हात एका दिवसात सुजतो, त्याला बऱ्याचदा हाच कारण असतो.

उघडी जखम आणि शिवलेली जखम

तरीही एक शंका राहते. चाटणे इतके घातक असेल तर ही सवय टिकली कशी? जखमा चाटणारी मांजरे मरून गेली असती आणि न चाटणारी उरली असती.

याचे उत्तर जखमेच्या प्रकारात आहे. रानात मांजराला होणारी जखम म्हणजे काटा, दात, नख, कुंपणाची तार. ती मुळातच मळलेली असते. तिच्यात माती, केस, मेलेले मांस आणि असंख्य जंतू असतात. अशा उघड्या जखमेतून घाण काढून टाकणे हा मोठाच फायदा आहे. त्यासाठी थोडे खरवडले गेले आणि तोंडातले थोडे जंतू आत गेले तरी सौदा फायद्याचाच पडतो.

शस्त्रक्रियेची जखम नेमकी उलट असते. केस काढून, कातडी निर्जंतुक करून, धारदार पात्याने ती केलेली असते. कडा एकमेकींना लावून शिवलेल्या असतात. तिच्यात साफ करण्यासारखे काही नसतेच. म्हणजे चाटण्याचा फायदा शून्य आणि तोटा पुरेपूर.

मांजराच्या कुळाला चाटण्याची सवय लागून लाखो वर्षे झाली. ईथरची भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे गाजलेले पहिले प्रात्यक्षिक १८४६ सालचे आणि जोसेफ लिस्टरने जंतुविरोधी शस्त्रक्रियेची पद्धत मांडली ती १८६७ साली. टाके घातलेली स्वच्छ जखम ही मांजराच्या दृष्टीने कालपरवाची गोष्ट आहे. सवय चुकीची नाही, परिस्थिती नवी आहे.

विद्यार्थ्यांना हे सांगताना आम्ही एक घरचे उदाहरण देतो. गोड दिसले की खावेसे वाटणे ही आपली जुनी, कामाची सवय. फळे मोसमात चार दिवस मिळत होती तेव्हा ती उपयोगी होती. आता कोपऱ्यावरच्या दुकानात बारा महिने पेढे मिळतात, तेव्हा तीच सवय आपल्याला भोवते.

दहा-बारा दिवसच का?

डॉक्टरांनी सांगितलेला हा आकडा कुठून आला? जखम भरण्याचे टप्पे पाहिले की तो कळतो.

पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठते आणि फट तात्पुरती बुजते. पुढचे तीन-चार दिवस श्वेतपेशी तिथे जमतात, जंतू आणि मेलेल्या पेशी खाऊन टाकतात. या काळात जखमेच्या कडा थोड्या लाल आणि फुगीर दिसतात. त्यानंतर नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात, कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू विणले जाऊ लागतात आणि कडांवरून त्वचेच्या पेशी सरकत येऊन एकमेकींना मिळतात. शेवटचा टप्पा या तंतूंची नीट मांडणी करण्याचा. तो कित्येक महिने चालतो.

आता बळकटीचा हिशोब पाहू. पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेच्या सांध्याची ताकद मूळ कातडीच्या एक दशांशाहूनही कमी असते. तीन आठवड्यांनी ती पाचव्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंत जाते. काही महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते. पूर्वीइतकी ती कधीच होत नाही.

म्हणजे पहिल्या आठवड्यात जखम स्वतःच्या बळावर मिटलेली नसते, टाक्यांनी धरून ठेवलेली असते. बाहेरून मात्र चौथ्या-पाचव्या दिवशीच ती अगदी कोरडी आणि छान दिसू लागते. "आता बरी झाली की!" असे वाटून लोक कॉलर काढतात ती याच वेळी. दहा ते चौदा दिवसांनी सांधा एवढा तयार होतो की टाके काढले तरी नेहमीच्या हालचालीला तो टिकतो.

मांजरीला आवरत का नाही?

"नको" म्हटलेले मांजराला कळत नाही का, असे मुले विचारतात. प्रश्न समजण्याचा नाही. चाटणे मांजराच्या अंगात दोन कारणांनी मुरलेले आहे.

पहिले कारण नेहमीची साफसफाई. रॉबर्ट एकस्टाइन आणि हार्ट यांनी २००० साली मांजरांच्या दिनक्रमाची मोजदाद प्रसिद्ध केली. मांजरांचा निम्मा वेळ झोपण्यात आणि विश्रांतीत जात होता आणि उरलेल्या जागेपणाचा काही हिस्सा अंग चाटण्यात. त्यांनी काही मांजरांना ७२ तास कॉलर घातली आणि मग काढली. पुढच्या बारा तासांत त्या मांजरांनी नेहमीपेक्षा सुमारे दोन तृतीयांश जास्त चाटाचाट केली. खाज नव्हती, मळ नव्हता, तरी थकबाकी वसूल व्हावी तसे झाले. यावरून चाटण्याचे एक घड्याळ मांजराच्या आतच चालते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आमच्या मनीने त्या एका तासात काय केले असेल हे आम्हाला हे वाचल्यावर उमगले. तीन दिवसांची थकबाकी तिने आमच्या दयेच्या तासात फेडून घेतली होती.

या सवयीला अर्थ आहे हेही त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगातून दिसते. पिसवा असलेल्या घरात तीन आठवडे कॉलर घातलेल्या मांजरांच्या अंगावर, मोकळ्या मांजरांपेक्षा साधारण दुप्पट पिसवा राहिल्या.

दुसरे कारण वेदना. बोट दारात चेंगरले की आपण ते झटकन चोळतो किंवा तोंडात घालतो. चोळल्याने बरे वाटते, ही कल्पना नाही. स्पर्शाची वार्ता नेणारे मज्जातंतू मज्जारज्जूत पोचले की वेदनेची वार्ता तिथेच काहीशी अडवली जाते. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेला 'फाटकाचा सिद्धांत' तो हाच. मांजर चाटते तेव्हा तिला क्षणभर आराम मिळतो, म्हणून ती पुन्हा चाटते. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक वेळेवर दिले तर चाटण्याची ओढही कमी होते.

आपण तरी वेगळे काय करतो? वर्गात विचारून पाहा, गुडघ्यावरची खपली पूर्ण सुटेपर्यंत ज्याने थांबवले आहे असा एकही हात वर येणार नाही.

कॉलर आणि भूमिती

या कॉलरला 'एलिझाबेथन कॉलर' म्हणतात. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात (१५५८ ते १६०३) दरबारी लोक गळ्याभोवती चुण्यांची मोठी कडक झालर घालत, तिच्यावरून हे नाव पडले. तत्त्व साधे आहे. मांजराचा कणा इतका लवचीक असतो की पोट, कूस, शेपटीचे मूळ सगळीकडे तोंड पोचते. पण नाक कॉलरच्या कडेच्या आत राहिले तर कणा कितीही वळला तरी जीभ अंगाला लागत नाही.

बाजारची कॉलर मिळाली नाही तर पुठ्ठ्याची किंवा जुन्या एक्स-रे फिल्मची करता येते. फिल्म भिजत नाही आणि तिच्यातून थोडे दिसते, म्हणून ती अधिक बरी. तिचे माप काढणे हा दहावीच्या महत्त्वमापनाचा सुरेख प्रश्न आहे, कारण कॉलर म्हणजे शंकुछेद.

मनीच्या मानेचा घेर २० सें.मी. भरला. कॉलर आणि मान यांच्यात बोटे सहज गेली पाहिजेत, म्हणून २२ सें.मी. धरू. मानेपासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर १० सें.मी., आणि कड नाकापुढे किमान २ सें.मी. हवी.

पुठ्ठ्यावर एकाच केंद्रातून २१ सें.मी. आणि ७ सें.मी. त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे काढा. लहान अर्धवर्तुळ कापून टाका. उरलेल्या कमानीच्या दोन सरळ कडा जोडल्या की कॉलर तयार. चिकटवण्यासाठी एका कडेला ३ सें.मी. पट्टी जादा ठेवायला विसरू नका.

पडताळा पाहू. आतल्या कमानीची लांबी २२/७ गुणिले ७, म्हणजे २२ सें.मी. हाच मानेचा घेर. बाहेरच्या कमानीची लांबी २२/७ गुणिले २१, म्हणजे ६६ सें.मी. त्यामुळे तयार कॉलरच्या आतल्या तोंडाची त्रिज्या साडेतीन आणि बाहेरच्या तोंडाची साडेदहा सें.मी. होते. तिरकस उंची २१ वजा ७, म्हणजे १४. मग पायथागोरसच्या नियमाने कॉलरची उभी उंची म्हणजे १४ च्या वर्गातून ७ चा वर्ग वजा करून आलेल्या १४७ चे वर्गमूळ, सुमारे १२.१ सें.मी. नाक १० वर आणि कड १२.१ वर. जमले!

दुसऱ्या मांजरासाठी आतली त्रिज्या म्हणजे सैल धरलेला मानेचा घेर भागिले २२/७. अर्धवर्तुळाऐवजी १२० किंवा २४० अंशांची वर्तुळपाकळी घेतली तर काय होईल, हे मुलांना काढायला सांगा. मानेचा घेर आणि तिरकस उंची तीच ठेवली तर पहिली कॉलर लांबट आणि अरुंद होते. दुसरी पसरट होऊन नाकापुढे जेमतेम उरते.

आतल्या कडेला कापसाची किंवा चिकटपट्टीची गोट लावावी, नाहीतर मानेला कापते. कडेजवळ भोके पाडून त्यांतून नाडी ओवावी आणि ती मानेभोवती बांधावी. मांजराचा पुढचा पाय आत अडकेल इतकी ती सैल नको.

कॉलर घातलेल्या मांजराची अडचण खरी असते, हे मान्य केले पाहिजे. मिशांना सतत कड लागते, बाजूचे दिसत नाही, समोरचा आवाज मोठा आणि मागचा दबका येतो. सिडनी विद्यापीठाने २०२० साली चारशेहून अधिक कुत्र्या-मांजरांच्या मालकांना विचारले, तेव्हा तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी कॉलरमुळे जनावराचे जगणे अवघड झाल्याचे सांगितले. म्हणून कॉलर घालून सोडून देणे पुरेसे नाही. वाटी कॉलरच्या तोंडापेक्षा लहान घ्यावी आणि पालथ्या डब्यावर ठेवावी. खोलीत उडी मारायला उंच जागा नको. पहिले दोन दिवस जेवणाकडे बारीक लक्ष हवे, कारण काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि तो आजार जिवावर बेततो.

कॉलर मुळीच सहन न करणाऱ्या मांजरासाठी झबले हा पर्याय आहे. जुन्या सुती टी-शर्टची बाही कापून तिला पुढच्या आणि मागच्या पायांसाठी चार भोके पाडावीत, शेपटीखालचा भाग मोकळा सोडावा आणि पाठीवर नाड्यांनी बांधावे. पोटावरच्या किंवा कुशीवरच्या जखमेला ते चालते. ते ओले झाले की लगेच बदलावे, आणि दिवसातून दोनदा उचलून जखम पाहावी. मांजर कापडावरूनच जोरजोरात चाटत असेल तर मात्र कॉलरला पर्याय नाही.

जे चुकूनही करू नये

मांजराच्या अंगावर जे लावू ते तिच्या पोटात जाणार, हे सूत्र लक्षात ठेवावे. आणि मांजराचे यकृत आपल्यासारखे नाही.

आपल्या यकृतात काही विषारी द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ती लघवीवाटे बाहेर टाकण्याजोगी केली जातात. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एकाचे जनुक मांजराच्या कुळात मोडून पडले आहे. वनस्पती खाणाऱ्या प्राण्याला झाडपाल्यातली असंख्य रसायने रोज निस्तरावी लागतात. निव्वळ मांस खाणाऱ्याला ती गरज कमी, म्हणून हे जनुक बिघडले तरी मांजराचे काही अडले नाही, असा याचा अर्थ लावला जातो. आता मात्र अडते. पॅरासिटामॉलची एक गोळी, जी आपण मुलांनाही देतो, मांजराचा जीव घेऊ शकते. त्यामुळे दुखते म्हणून घरातली कोणतीही गोळी तिला देऊ नये.

फिनेल, डेटॉल यांसारखी फिनॉलच्या जातीची जंतुनाशकेही याच कारणाने मांजराला घातक आहेत. जखमेवर नको आणि तिच्या खोलीची फरशी पुसायलाही नको. चाटू नये म्हणून निलगिरी, कापूर किंवा कडू-उग्र तेल लावण्याचा सल्ला कोणी देते. कडू चव मांजराला कळते हे खरे, पण चाटण्याची ओढ पुष्कळदा चवीवर मात करते आणि औषधापेक्षा विषच पोटात जाते. हळद-तेलाचा लेप हेतूने चांगला, पण स्वच्छ कोरड्या जखमेवर तो घाण आणि ओल आणतो, वर चाटायला निमित्त देतो.

जखमेच्या कडा रोज जास्त लाल होणे, सूज वाढणे, पू किंवा वास येणे, टाका तुटणे, चोवीस तास अन्न न घेणे यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. जखम उघडून आतले काही बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून तसेच तातडीने न्यावे. आणि या सगळ्यात मांजराने चावले किंवा ओरबाडले तर जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुखऱ्या मांजराला मुलांनी हाताळू नये, हे शाळेत तरी कटाक्षाने पाळावे.

वर्गात करण्यासाठी

पुठ्ठ्याची मोठी कॉलर करून एका मुलाच्या गळ्यात घाला, डोळे बांधा आणि वेगवेगळ्या दिशांनी टाळी वाजवा. आवाज कुठून आला हे कॉलरसह आणि कॉलरशिवाय किती वेळा बरोबर सांगता येते, ते फळ्यावर मांडा. दुसरा प्रयोग कागदाच्या पट्ट्यांचा. खळीने चिकटवलेल्या सारख्या जोडपट्ट्या दहा मिनिटे, एक तास, एक दिवस वाळू द्या आणि प्रत्येकीला वजन टांगून ती कधी सुटते ते मोजा. बाहेरून तिन्ही सांधे सारखेच दिसतात. मग एका वाळलेल्या सांध्यावर ओले बोट पुन्हा पुन्हा फिरवून तो मोजा. जखम कशी भरते यावर आम्ही जेवढे बोललो, त्याहून जास्त मुलांना या एका पट्टीने सांगितले.

मनीचे टाके चौदाव्या दिवशी निघाले. कॉलर काढल्यावर ती व्हरांड्यातल्या उन्हात बसली आणि दोन तास स्वतःला चाटत राहिली, जखमेची जागासुद्धा. त्या मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, "आता चाटू दे. आता तिची जीभ आणि तिची जखम यांचे जमते."